कामगाराचे अवधान : एका आरोपाचा आणि एका आजाराचा इतिहास



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, वेतनकरार नाहीतर संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी यांपैकी कशावरही बोलणार नाही. माझा विषय आहे अवधान. हा शब्द आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे दुसरे काही मागत नाहीत, फक्त अवधान मागतात. कीर्तनकारही तेच मागतो, शाळामास्तरही तेच मागतो, आणि कारखान्यातला सुपरवायझरही तेच मागतो. फरक एवढाच की कीर्तनात डुलकी लागली तर प्रसाद चुकत नाही. कारखान्यात लक्ष उडाले तर बोट जाते, नाहीतर नोकरी जाते.

हे अवधान काही माणसांना जन्मतःच पुरेसे आवरता येत नाही, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. त्या अवस्थेला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधानन्यूनता आणि अतिचंचलता असे भाषांतर करतात, मी सोयीसाठी अवधानदोष म्हणेन. आपल्या ऐकण्यात हे नाव आले असेल ते शाळेतल्या मुलांच्या संदर्भात. परंतु ते मूल मोठे होते, आयटीआय करते, नोकरीला लागते, लग्न करते. मग त्या दोषाचे काय होते? तो जातो की राहतो? राहत असेल तर कारखान्यात त्याला कोणत्या नावाने हाक मारतात? या प्रश्नांचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

मी डॉक्टर नाही. माझे शालेय शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रपाळीनंतरच्या वेळात. पण वीस-पंचवीस वर्षे खातेनिहाय चौकश्यांत कामगाराच्या बाजूने बसत आलो आहे. त्या चौकश्यांतील एक शब्द मला स्वस्थ बसू देत नाही. तो शब्द म्हणजे ‘हलगर्जीपणा’. पुस्तकातला आजार आणि चौकशीतला आरोप यांचे नाते काय, हे शोधताना मला दोन निरनिराळे इतिहास सापडले. ते ओढ्यांसारखे शंभर वर्षे शेजारून वाहत होते, पण एकमेकांना मिळत नव्हते.

आरोपाचा इतिहास

पहिला ओढा मुंबईच्या गिरण्यांतला. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. पुढच्या दशकांत कोकणातून आणि आपल्या सातारा-पुण्याच्या घाटावरून हजारो कुणबी तिकडे गेले. शेतात या माणसांना लक्ष नव्हते काय? होते. पण त्या लक्षाला ऋतूची चाल होती. पेरणीला एक लक्ष, राखणीला दुसरे, मळणीला तिसरे, आणि मध्ये जत्रा-यात्रांची विश्रांती. यंत्राला ही चाल ठाऊक नसते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत धागा तुटतो आहे की काय हे एकाच नजरेने पाहत राहावे लागे. नजर चुकली की कापडात खोट, आणि खोट निघाली की दंड. खराब ठरलेले कापड कामगाराच्याच गळ्यात घालून त्याची किंमत पगारातून कापण्याची चाल होती. १९३६ साली वेतन अदायगीचा कायदा झाला तेव्हा कुठे दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा आली.

या काळात अवधानाची बाजू ज्याने प्रथम मांडली तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यात, म्हणून या सत्यशोधक परंपरेवर आपला थोडा हक्क आहे असे मी मानतो. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच ठेवा, पगार वेळेवर द्या, जखमी होणाऱ्याची सोय करा, अशा त्या मागण्या होत्या. पुढे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो त्यामागे हा अर्ज आहे.

त्या अर्जात अवधान हा शब्द नाही. पण त्याचा अर्थ तोच आहे. थकलेल्या माणसाकडून लक्ष मागता येत नाही, मागायचे असेल तर आधी विश्रांती द्या. हा अर्थ सरकारदरबारी रुजायला मात्र फार वेळ लागला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले. प्रौढ पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ साली आली, तीही कापडगिरण्यांपुरती आणि दिवसाला १२ तासांची. १९२२ साली ११ तास, १९३४ साली १० तास, आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास. लोखंड्यांच्या सभेपासून हिशेब केला तर चौसष्ट वर्षे.

दरम्यान विलायतेत या प्रश्नाची शास्त्रीय तपासणी झाली, आणि ती युद्धामुळे झाली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार रात्रंदिवस राबत होते, तरी उत्पादन हवे तेवढे वाढेना. १९१५ साली सरकारने समिती नेमली. तास कमी केले तर एकूण उत्पादन घटत नाही, कित्येकदा वाढते, असे त्या तपासणीत आढळले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर शत्रूची खूण शोधणारे सैनिक ती खूण चुकवू लागले. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी यावर एक साधा प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक पाऊल पुढे जाई, आणि क्वचित एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, असे दोन तास. निवडलेले तरुण धडधाकट होते. तरीही पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. हा प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य काय? एकसुरी कामावर निरोगी माणसाचेही लक्ष अर्ध्या तासात गळू लागते. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला गुन्हा म्हणता येत नाही.

पण आमच्या कारखान्यांच्या कायद्यात काय लिहिले गेले? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना नियम झाले, त्यांत गैरवर्तनाच्या यादीत दोन कलमे आली: सवयीने उशिरा येणे, आणि सवयीने कामात हलगर्जीपणा करणे. हा कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तरी आरोपपत्राची भाषा आम्हाला पाठ आहे, कारण ती वर्षानुवर्षे तीच चालत आली. त्यातला ‘सवयीने’ हा शब्द पाहा. एकदा चूक झाली तर ताकीद. वारंवार झाली तर सवय, सवय म्हणजे स्वभावाचा दोष, आणि स्वभावाचा दोष म्हणजे बडतर्फी. ही चूक वारंवार का होते, असे विचारण्याची जागा त्या छापील नमुन्यात नाही. वैद्याच्या दृष्टीने मात्र ‘वारंवार’ हाच शब्द तपासणीचा आरंभ असतो. ताप एकदा आला तर काढा, वारंवार आला तर रक्त तपासा.

आजाराचा इतिहास

आता दुसरा ओढा. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधान आणि त्याचे आजार यांवर एक प्रकरणच लिहिले. लक्ष एका जागी न ठरणे हे जन्मतः असू शकते किंवा दुसऱ्या आजारामुळे येऊ शकते, असा भेद त्याने तेव्हाच केला होता. तो ग्रंथ बाजूला पडला. मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली आणि ४३ मुलांची हकीकत सांगितली. बुद्धी चांगली, तरी मूल स्वतःला आवरू शकत नाही, शिक्षेचा उपयोग होत नाही. म्हणजे या आजाराची आधुनिक कथा व्याख्यानमालेतच सुरू होते म्हणा ना! पण स्टिल यांनी त्याला नाव दिले ते नैतिक नियंत्रणातील दोष असे. वैद्याच्या तोंडी नीतीची भाषा होती. आरोपाचा वास अजून गेला नव्हता.

१९१७ नंतर युरोप-अमेरिकेत मेंदूच्या सुजेची एक साथ आली. तिच्यातून वाचलेल्या काही मुलांचा स्वभाव पार बदलला. ती चंचल आणि अनावर झाली. तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले की वागणूक बिघडते ती मेंदूमुळेही बिघडू शकते. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने मुलांच्या डोकेदुखीवर बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी राहिली बाजूला, पण ३० पैकी १४ मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. मुले त्याला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, हे कोडे उलगडायला पुढची कित्येक दशके लागली. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याच्या पत्नीचे लाडके नाव रिटा, त्यावरून औषधाचे नाव रिटालिन पडले.

१९६८ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नामसूचीत या विकाराला जागा मिळाली, पण ‘बालपणीची’ अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून. मूल मोठे झाले की हे आपोआप जाते, अशीच बहुतेकांची समजूत होती. तिला धक्का दिला तो दोन प्रकारच्या कामांनी. कॅनडात माँट्रियलला चंचल मुलांचा पाठपुरावा ती प्रौढ होईपर्यंत केला गेला, तेव्हा अनेकांचा त्रास पुरता गेलेला नाही असे दिसले. धावपळ कमी होते, पण विसराळूपणा, अस्वस्थता आणि उतावळेपणा राहतो. आणि १९७६ साली अमेरिकेच्या युटा विद्यापीठातील पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांवर उपचार करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० साली नामसूची बदलली आणि चंचलतेवरचा भर जाऊन अवधानावर आला. याचा एक फार मोठा परिणाम असा की धडपड न करणारी, शांत बसून हरवणारी मुले, विशेषतः मुली, या व्याख्येत दिसू लागल्या. १९८७ साली आजचे नाव आले. २०१३ साली प्रौढांसाठी लक्षणांची संख्या वेगळी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीतही, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हा विकार याच नावाने आला.

म्हणजे पाहा. क्रायटनपासून मोजले तर पावणेदोनशे वर्षे हा आजार मुलांचा आणि शाळेचा राहिला. आपल्याकडेही तसेच. महाराष्ट्रात शिकण्यातील अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ व सवलती मिळू लागल्या, त्यासाठी पालक आणि डॉक्टर झगडले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यांच्या बापांसाठी कोणी झगडले नाही. बाप तर शाळेत जात नाही, तो पाळीवर जातो.

दोन ओढे मिळतात

हे दोन ओढे एकत्र आले ते अगदी अलीकडे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीचे निष्कर्ष आले. दहा देशांतील १८ ते ४४ वयाच्या ७,०७५ कामगार-नोकरदारांची माहिती त्यात होती. सरासरी ३.५ टक्के लोकांत हा विकार आढळला. अशा प्रत्येक माणसाचे वर्षाकाठी सरासरी २२ दिवसांचे काम इतरांपेक्षा जास्त वाया जाते, आणि उपचार घेणारे त्यांत फारच थोडे, असे त्या पाहणीत दिसले. त्या दहा देशांत भारत नव्हता, म्हणून हा आकडा आपल्या कारखान्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तो निम्मा धरला तरी हजार माणसांच्या कारखान्यात सतरा-अठरा माणसे होतात. शिरवळपासून खंबाटकी घाटापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना जे कारखाने उभे आहेत, तेथे किती माणसे काम करतात याचा आपणच अंदाज घ्यावा.

आता एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळले आहेत. एका कारखान्यात दुरुस्ती खात्यात एक फिटर होता. रात्री यंत्र अडले की साहेब पहिली हाक त्यालाच मारीत, कारण त्याच्या हातात कसब होते. संकटात त्याचे डोके विलक्षण चाले. पण नेहमीच्या दिवशी त्याची पाना-पकड यंत्रातच राही, नोंदवही भरायची राहून जाई, गेटपास हरवे, पाळीला पंधरा मिनिटे उशीर ठरलेला. दोन वर्षांत सात मेमो, मग आरोपपत्र. चौकशीत तो म्हणाला, ‘भाऊ, मी विसरत नाही हो, माझ्या हातून ते निसटतं.’ त्याच्या आईने तिसरीतले प्रगतिपुस्तक जपून ठेवले होते. त्यावर मास्तरांचा शेरा होता की मुलगा हुशार आहे, पण एका जागी बसत नाही, पाटी-पेन्सिल रोज हरवतो. वीस वर्षांपूर्वीचा शेरा आणि कारखान्याचा मेमो यांत शब्दांचाच काय तो फरक. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने पत्नीशी आणि आईशी बोलून, इतर तपासण्या करून निदान केले. ते प्रगतिपुस्तक त्यात उपयोगी पडले. उपचार सुरू झाले. नोकरी राहिली. तो काही संत झाला नाही, अजूनही अधूनमधून उशीर होतो. पण सात मेमोंनंतर आठवा आला नाही.

दुसरे प्रकरण याच्या उलट. एक तरुण कंत्राटी कामगार मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला हाच आजार आहे. विचारपूस केली. बारा तासांची पाळी, वर दुसरीकडे मालाची चढउतार, झोप चार तास. लहानपणी त्याला कसलाही त्रास नव्हता. त्याला गोळीची गरज नव्हती, झोपेची होती. डॉक्टरांनीही तेच सांगितले.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की निदानाचे मर्म कळते. सध्याच्या कसोटीप्रमाणे लक्ष न लागण्याची नऊ लक्षणे आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे अशा दोन याद्या आहेत. प्रौढ माणसात एका यादीतील निदान पाच लक्षणे किमान सहा महिने हवीत. काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असली पाहिजेत. ती घरी आणि कामावर अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. त्यामुळे जगण्यात खरोखर अडथळा आला पाहिजे. आणि दुसऱ्या कोणत्या आजाराने त्यांचा उलगडा होत असेल तर हे निदान लागू नये. खिन्नता, चिंता, थायरॉइडची ग्रंथी, घोरण्यामुळे मोडणारी झोप, दारू, आणि सततची रात्रपाळी ही सगळी मंडळी अवधानदोषाचे सोंग उत्तम वठवतात. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचे चित्र काढून हा विकार ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पण ती नुसती चाळणी आहे, निकाल नव्हे.

बालपणाच्या पुराव्याचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. न्यूझीलंडमध्ये ड्यूनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा ती ३८ वर्षांची होईपर्यंत केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. ३८ व्या वर्षी ज्यांच्यात लक्षणे दिसली, त्यांपैकी ९० टक्के लोकांत लहानपणीच्या तपासणीत हा विकार आढळलेला नव्हता. याचा अर्थ काय यावर तज्ज्ञांत वाद झाला. पण आपल्यापुरता बोध असा की प्रौढपणी लक्ष उडण्याची कारणे अनेक असतात. घाईने शिक्का मारला तर साप म्हणून भुई धोपटण्यासारखे होईल.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसते. म्हणूनच पुष्कळदा मुलाला डॉक्टरांकडे नेलेला बाप प्रश्न ऐकता ऐकता म्हणतो, ‘साहेब, हे तर माझंच वर्णन आहे.’ आईच्या बाबतीत मात्र हे कमी घडते, कारण पॅकिंगच्या पट्ट्यावर काम करून घरी चूल सांभाळणाऱ्या बाईला ‘तुला भानच नाही’ एवढे म्हणून विषय संपवला जातो.

उपचार आणि भाकरी

उपचार दोन प्रकारचे. पहिला औषधांचा. मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या द्रव्यांचे परत शोषण मंदावते, त्यामुळे लक्ष आवरायला बळ मिळते. परिणाम त्याच दिवशी दिसू शकतो. भूक आणि झोप कमी होणे, नाडी व रक्तदाब वाढणे हे त्याचे दुष्परिणाम, म्हणून आधी हृदय आणि रक्तदाब तपासावा लागतो. आपल्याकडे हे औषध १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे. मित्राच्या पाकिटातून एक गोळी घेऊन रात्रपाळी मारणे हा उपचार नव्हे, तो गुन्हाही आहे आणि धोकाही. दुसरे औषध ॲटोमॉक्सेटिन. त्याला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली ती मुलांसाठी आणि प्रौढांसाठी एकदमच. ते सावकाश काम करते, काही आठवडे धीर धरावा लागतो.

औषधाने काय साधते याचे एक उदाहरण आपल्यासारख्या महामार्गावरच्या गावाला जवळचे वाटेल. स्वीडनमध्ये हा विकार असलेल्या १७,४०८ लोकांच्या नोंदी तपासून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांत गंभीर वाहन-अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात ते ५८ टक्क्यांनी कमी आढळले. स्त्रियांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. अशा पाहणीवरून सगळे श्रेय औषधालाच देता येत नाही, पण ट्रक, क्रेन आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांच्या गावाने तिची दखल घ्यायला हवी.

दुसरा उपचार सवयी बांधण्याचा. समुपदेशक माणसाला शिकवतो की डोक्यावर विसंबू नये, कागदावर विसंबावे. मोठे काम तुकड्यांत करावे, गजर लावावा, वस्तूला एकच जागा ठेवावी. यात नवल असे की हे सारे चांगल्या कारखान्याला आधीच ठाऊक असते. हत्याराची आकृती रेखून ठेवलेली पाटी, यंत्र उघडण्यापूर्वी आपले कुलूप लावून किल्ली खिशात ठेवण्याची शिस्त, पाळी बदलताना लेखी निरोप, तपासणीची यादी: ही व्यवस्था सर्वांसाठीच असते. अवधानदोष असलेल्या माणसाला ती काठीसारखी उपयोगी पडते. मालकाचा खर्च पाटी आणि खडू एवढाच.

आता खरा कठीण प्रश्न. निदान झाले तर कारखान्यात सांगावे काय? सांगितले तर क्रेनवरून उतरवतील, कंत्राटी असेल तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. न सांगितले तर मेमोंची माळ चालूच. कायदा काय देतो ते पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले, आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरण्यास सांगितले. डॉक्टर तुमचे निदान परस्पर कारखान्याला कळवू शकत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अवधानदोषाचे स्वतंत्र नाव नाही. म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत कायदा सोबत येतो, कारखान्याच्या दारात मात्र माणूस पुष्कळसा एकटा असतो.

हे एकटेपण घालवणे संघटनेचे काम आहे असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘सवयीचा हलगर्जीपणा’ असे आरोपपत्र आले की चौकशीपूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. पहिला, कामाचे तास आणि पाळ्या कशा आहेत? दुसरा, शरीराची आणि झोपेची तपासणी झाली आहे काय? तिसरा, हे लहानपणापासूनचे आहे काय? हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. आधी लोखंड्यांचा प्रश्न, मग स्टिल यांचा. कारण उद्या एखादा चतुर व्यवस्थापक बारा तासांच्या पाळीने थकलेल्या माणसांना गोळ्या द्या म्हणाला, तर लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपण औषधाच्या दुकानात गहाण टाकल्यासारखे होईल. आणि उलट, प्रत्येक चूक थकव्याच्या माथी मारून आम्ही संघटनेचे लोक मोकळे झालो, तर त्या फिटरसारखा माणूस सात मेमोंनंतर रस्त्यावर येईल. दोन्ही अन्यायच आहेत.

निदान झालेल्या कामगाराला धोक्याच्या यंत्रावरून हलवायचे तर त्याच पगारावर हलवा, ही मागणी रास्त आहे. आजारी माणसाला विश्रांती देताना त्याची भाकरी काढून घेतली तर दुसरा कोणी आजार सांगायला पुढे येणार नाही, आणि न सांगितलेला आजार यंत्राजवळ उभा राहील. त्याची झळ शेजारच्या कामगारालाही बसेल आणि मालकालाही.

या सभेत मास्तर आहेत, सुपरवायझर आहेत, आया आहेत. मास्तरांना विनंती की प्रगतिपुस्तकावरचा शेरा जपून लिहा, वीस वर्षांनी तो कोणाची नोकरी वाचवू शकतो. आयांना विनंती की ती पुस्तके रद्दीत घालू नका. सुपरवायझर बंधूंना विनंती की आठवा मेमो लिहिण्यापूर्वी त्या माणसाला बाजूला घेऊन एकदा विचारा. आणि ज्याला स्वतःविषयी शंका आहे त्याने मोबाइलवर निदान न शोधता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. तिथवर जाणे जमत नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

श्रोतेहो, दिवसभर काम करून आलेल्या आपण सर्वांनी तासभर मला अवधान दिले. ते किती कष्टाने दिले जाते याची जाणीव मला आहे.